म्हशीला पटलेलं चित्र

ही गोष्ट फार फार जुनी, जनावरं माणसांशी बोलायची आणि माणसंही त्यांचं ऐकून घ्यायची त्या काळातली. एका डोंगराळ राज्यात एक चित्रशाळा होती. तिथे पहिलं वर्षभर रंगाला हात लावायचा नाही. नुसत्या कोळशाने रेखाटायचं, आणि तेही एकाच म्हशीला. वर्ष संपलं की सगळी चित्रं भिंतीला टांगायची आणि म्हशीलाच परीक्षेला बोलवायचं. ज्याच्या चित्रात तिला स्वतःची ओळख पटेल, तो पुढे शिकायला राहील. बाकीच्यांनी आपापल्या गावी जायचं.

त्या वर्षी केतकी नावाची मुलगी शिकायला आली. तिच्या गावात कुठल्याही लग्नघराच्या भिंती तिनेच सजवायच्या. मोर, हत्ती, म्हैस, सगळं तिला पाठ होतं. चित्र काढण्यावाचून दुसरं काही करायची तिची इच्छाच नव्हती. इथून परत जावं लागलं तर काय, हा विचारही तिला नकोसा वाटायचा.

पहिल्या दिवशी तिने म्हशीवर एक नजर टाकली आणि बघता बघता चित्र पुरं केलं. काय देखणी म्हैस ती! दोन्ही शिंगं सारखी, पाठ गुळगुळीत, डोळ्यांत जणू काजळ. साऱ्या वर्गाने माना डोलावल्या.

गुरुजी म्हणाले, "मला काय दाखवतेस? जिचं आहे तिला दाखव."

म्हशीने रवंथ थांबवून पाहिलं. "वा! मोठ्या घरची दिसते. कोण गं ही?"

"तुम्हीच की, म्हशीबाई!"

"मी?" म्हैस इतकी हसली की शेजारची घागर कलंडली.

केतकीचं तोंड एवढंसं झालं. मग ती रोज आणखी सुबक म्हैस काढू लागली. रेघ जरा चुकली की फडक्याने पुसायची, पुन्हा काढायची, पुन्हा पुसायची. एकदा तर पुसता पुसता कागदाला भोक पडलं. तेव्हा मात्र ती वैतागली.

"जरा स्थिर बसा ना! शेपूट हलतं, कान हलतात. मी काढू तरी काय?"

"शेपूट हलतं, कान हलतात, तेच काढ," म्हैस उठत म्हणाली. "मी निघाले डुंबायला. यायचं तर ये."

कागद काखोटीला मारून केतकी तळ्यावर गेली. चिखलात बसून पाहू लागली, आणि थक्कच झाली. म्हशीचं एक शिंग चक्क खाली वळलेलं होतं. पोट एका अंगाला कललेलं होतं. उठताना ती आधी मागचं धूड उचलायची, मग कुरकुरत पुढचं. हे सगळं इतके दिवस डोळ्यांसमोर होतं आणि आपल्याला दिसलंच नव्हतं! ती भराभर रेघा ओढू लागली. एक चुकली की शेजारी दुसरी. पुसायला सवड कुणाला होती? म्हैस थोडीच थांबणार! त्यानंतर केतकी रोज तळ्यावर जाऊ लागली. तिला इतकी मजा यायची की जेवायचंही भान राहायचं नाही.

परीक्षेचा दिवस आला. केतकीच्या कागदावर रेघांचं नुसतं जंजाळ होतं, वर चिखलाचे शिंतोडे. "अगं, तुझं ते पहिलं लाव," मैत्रिणी कळवळून म्हणाल्या. पण केतकीने चिखलाचंच चित्र टांगलं.

म्हैस डुलत डुलत आली. सुबक चित्रांपुढून ती न थांबता पुढे गेली. केतकीच्या चित्रापाशी मात्र थबकली.

"अगं बाई! माझं पोट इतकं सुटलंय?"

सगळे खो खो हसले.

"पण ही मीच," म्हैस हळूच म्हणाली. "आज पहिल्यांदा कुणीतरी मला पाहिलंय."

केतकी रडतही होती आणि हसतही होती. म्हैस गुरुजींकडे वळली. "बाकीच्यांना घरी कशाला पाठवता? तळ्यावर पाठवा."

गुरुजींनाही ते पटलं. तेव्हापासून त्या चित्रशाळेचा पहिल्या वर्षाचा वर्ग तळ्याकाठीच भरतो, आणि सगळ्यांत जास्त चिखल गुरुजींच्या धोतराला लागलेला असतो.

तात्पर्य: हात कितीही तयार असला, तरी जो समोरच्याला मन लावून पाहतो, त्याचंच चित्र खरं उतरतं.