मग गोल कोण?

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एक म्हाताऱ्या बाई विज्ञानाची शिकवणी घ्यायच्या. दारावर पाटी नव्हती. अंगणात मोठा कडुनिंब होता, त्याच्याखाली भरदुपारी शिकवणी चालायची. गावातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं आपली मुलगी वरदा त्यांच्याकडे आणून बसवली. वरदा नववीत होती आणि प्रकाशाचा धडा तिला स्वल्पविरामांसकट पाठ होता. (मलाही होता. पेपर दिला त्या संध्याकाळी तो जो गेला, तो आजतागायत फिरकलेला नाही.)

व्यापाऱ्याचं म्हणणं सरळ होतं. शनिवारी शाळेत चाचणी आहे. वरदा पहिली आली तर ठीक, नाहीतर जिल्ह्याच्या गावी मोठ्या क्लासला घालायचं आणि तिथल्याच वसतिगृहात ठेवायचं. वरदाला घर सोडायचं नव्हतं. म्हणून आल्या आल्या तिनं डोळे मिटले आणि एका दमात सगळा धडा म्हणून दाखवला.

बाईंनी तिला शेवटपर्यंत म्हणू दिलं. मग पुस्तक मिटलं, आतून रांगोळीची वाटी आणली आणि झाडाखाली सांडलेले उन्हाचे ठिपके दाखवून म्हणाल्या, "एकेकाच्या कडेनं रांगोळी ओढ."

वरदाला वाटलं, वयाचं काहीतरी असेल. पण मोठ्या माणसाला तसं म्हणता येत नाही, म्हणून ती मुकाट्यानं बसली. थोडे ठिपके रेखून होईपर्यंत पहिला ठिपका आपल्या रांगोळीतून बाहेर सरकलेला. ती ठिपक्यावरच चिडली. बाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता परत काढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी. या वेळी मात्र वरदाचा हात मध्येच थांबला. पानांमधल्या फटी तर कशाही होत्या, चिंचोळ्या, वाकड्या, टोकदार. मग खाली पडलेला एकूण एक ठिपका गोल कसा? तिनं बाईंना विचारलं. बाई "खरंच की" म्हणाल्या आणि पुन्हा मेथीला लागल्या. त्या दिवशी वरदा धडा म्हणायचा विसरली.

शुक्रवारी व्यापारी सहज डोकावला, तर मुलगी सावलीच्या कडेला, उन्हात स्टुलावर चढलेली. हातात जुन्या लग्नपत्रिकेचं जाड पान आणि त्याला कात्रीनं पाडलेलं बारीकसं चौकोनी भोक. वाकून पान जमिनीजवळ धरलं की उजेड चौकोनी पडायचा आणि हात उंच नेला की गोल. तिनं त्रिकोणी भोक पाडलं. तेही उंचावरून गोलच.

"बाई, उद्या परीक्षा रांगोळीची आहे की सर्कशीची?" व्यापारी म्हणाला. उत्तर एका ओळीचं असणार, ते सांगून मोकळं करा पोरीला, असंही त्यानं सुनावलं. बाईंनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

स्टुलावर वरदा स्वतःशीच पुटपुटत होती. "भोक चौकोनी. भोक त्रिकोणी. ठिपका गोलच. मग गोल कोण आहे?"

"वर बघायचं नाही हं," बाई म्हणाल्या.

वरदानं वर बघितलं नाही. डोळे घट्ट मिटून तिनं फक्त चेहरा वर केला. ऊन तिच्या पापण्यांवर पडलं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिनं खाली पाहिलं, आणि अंगण ओळखू येईना. ओट्यावर, तुळशीपाशी, मेथीच्या जुडीवर, जिकडेतिकडे ते पडले होते, किंचित थरथरत.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "पाय काढा. सूर्य आहे तो."

व्यापारी रोज सकाळी सूर्याला पाणी देणारा माणूस. त्यानं पाऊल मागे घेतलं, तर तिथेही एक सूर्य अलगद त्याच्या पावलावर आला. चपला कधी काढल्या, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"हे सगळे?" त्यानं विचारलं.

"सगळे. प्रत्येक फट एकेक खाली सोडते."

मग तो बाईंना म्हणाला की हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं.

"आलं असतं," बाई म्हणाल्या. "पण शेठ, दुकानात गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी भाव सांगता का? ठाण उलगडता, कापड त्याच्या हातात देता. बोटांना ते आवडलं की भाव गिऱ्हाईकच विचारतं. उत्तर म्हणजे भाव, तो मला कधीही सांगता येतो. कापड हातात न घेता ऐकलेला भाव ही उद्या पेपरात लिहील आणि परवा विसरेल. मी फक्त ठाण उलगडून बसते. कंटाळवाणं काम आहे, म्हणून मेथी निवडते."

"पहिली येईल ना पण?"

"ते मला माहीत नाही."

व्यापाऱ्यानं मान हलवली. फाटकाशी जाऊन त्यानं विचारलं, सोमवारी शिकवणी याच वेळेला ना, आणि हिच्या आईला हे बघायला आणलं तर चालेल का. वसतिगृहाचं नाव त्यानं काढलं नाही. फाटकापर्यंत तो भारदस्त माणूस चपला हातात धरून, ठिपके चुकवत, लंगडी खेळल्यासारखा गेला होता.

हल्ली झाडाखालून जाताना मीही तशीच चालते. शेजारच्या बाई विचारतात, गुडघा दुखतो का हो? मी हो म्हणते. उत्तर एका ओळीचं आहे, पण आधी त्यांना रांगोळीची वाटी नेऊन द्यायची आहे.