दोन औषधांची वेल

त्या राज्यात पानं झोपत आणि वेली जाग्या राहत. कारण भुरी, पानं खाणारी पांढरी बुरशी, पावलं न वाजवता यायची. आदल्या संध्याकाळी हिरवंगार असलेलं पान सकाळी राखेत लोळल्यासारखं पांढरं दिसायचं, आणि मग ते पुन्हा हिरवं होत नसे.

भुरीवर राज्याचा एकच इलाज होता, गंधकाचं पिवळं पाणी. ते आलं की प्रत्येक वेलीने पानं पुढे करायची, असा दंडकच होता. सुरुवातीला भुरी त्याच्या नुसत्या वासाने पळे. पण दर खेपेला ती थोडी मागे उरे, आणि उरलेली शिकून घेई. आता ती त्या पाण्यात न्हाऊनच पानावर चढायची. यावर दरबाराने पाणी आणखी पिवळं केलं.

कोपऱ्यातल्या एका वेलीला नुकताच कोंभ फुटला होता. ही वेल जरा जास्त विचार करणारी. पिवळं पाणी कोंभाला सोसेल का, आणि नाही दिलं तर भुरी सोडेल का, या दोन काळज्या ती आलटून पालटून करी. शेजारची वेल म्हणायची, तुला साधी काळजीसुद्धा एक धड ठरवता येत नाही गं बाई.

शेवटी तिने बांधावरच्या कडुनिंबाला विचारलं. तो आपला कडूपणा द्यायला तयार होता. आपण भुरीला मारत नाही, तिची भूक मोडतो. काम सावकाश होईल, पुन्हा पुन्हा लावावं लागेल, असं त्याने सांगितलं. आणि एक अट घातली.

"पिवळं पाणी पुरतं उतरल्याशिवाय माझं तेल लावू नकोस. एका पानावर आम्ही दोघं नांदत नाही."

वेलीने शेंडा हलवला. तिला ते पटलंही होतं. पण दुसऱ्याच सकाळी शेजारणीचं पान पांढरं पडलं, आणि पटलेलं सगळं पातळ झालं. तेल सावकाश, पाण्याला भुरी भीत नाही, आणि थांबायला तर धीर नाही. दोन्ही दिली तर निदान एक तरी लागू पडेल, असा विचार तिने केला. विचार करणाऱ्या वेलीला तो शोभलाही. सकाळीच दिलेलं कोंभावरचं पिवळं पाणी अजून ओलं होतं. त्यावरच तिने तेल चोळलं. पानांच्या खालूनसुद्धा, एक कोपरा न सोडता.

ऊन चढलं. पानांच्या कडा आधी तांबूस झाल्या, मग आत वळल्या. कोंभ म्हणाला, गरम होतंय. दिवस कलेपर्यंत पानं गळून गेली आणि उघडी काडी उरली.

वाऱ्याबरोबर शेजारून भुरी आली. काडीभोवती एकदा फिरली आणि पुढे निघून गेली.

वेल थरथरत होती. कोंभाला वाटलं, ती अजून भुरीलाच भितेय.

"आई, घाबरू नकोस," तो म्हणाला. "तिने खावं असं माझ्याकडे आता काहीच नाही."