मिठाच्या पाण्यातली तार

"पण उंदराच्या आधी त्या पेशीला कळतं कसं?" रेगेबाईंनी विचारलं.

निरंजन धायगुडे हसला. हाच प्रश्न त्याला हवा होता.

तो पोस्टडॉक होता, म्हणजे पीएचडी होऊनही दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करणारा. मेंदूशास्त्र त्याला शिकवलं ते रेगेबाईंनी. त्या आता निवृत्त झाल्या होत्या. आपलं यश दाखवायला त्यानं त्यांना मुद्दाम या तळघरात आणलं होतं. शिकायला नव्हे, हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं.

लाकडी बोळाच्या दुफाट्यावर उंदीर थांबे. त्याच्या मेंदूत केसाहून बारीक तार, तारेच्या टोकाशी एकच पेशी, आणि तिचा आवाज लाउडस्पीकरवर. उंदीर डावीकडे वळणार असला की आधी 'कट्' असा आवाज येई. उजवीकडे वळणार असला की काहीच नाही.

उंदराचं ठरायच्या आत पेशीचं ठरलेलं असे.

शोधनिबंध लिहून तयार होता. तो छापून आला तर निरंजनला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. नाहीतर महिनाअखेरीस फेलोशिप संपून गाशा गुंडाळायचा.

"तार मिठाच्या पाण्यात धरून पाहिलीस?"

"अजून नाही," निरंजन म्हणाला.

ही परीक्षा पहिल्या वर्षाचं पोरही चुकवत नाही. पाण्यात पेशी नसते, तिथे तारेनं मुकंच राहायला हवं. बोलली, तर तो आवाज पेशीचा नव्हेच. पण ही पेशी इतकी सुरेख बोलत होती की त्यानं ते आज-उद्यावर ढकललं. खरं सांगायचं तर तो घाबरला होता.

"आता धर."

त्यानं उंदराच्या डोक्यातून तार अलगद काढली, उंदराला पिंजऱ्यात ठेवलं आणि तारेचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवलं.

शांतता...

त्याचा जीव भांड्यात पडला.

बाईंना मात्र तेवढं पुरेसं वाटलं नाही. सगळे प्रयोग या परीक्षेसकट पुन्हा कर, असं त्या म्हणाल्या. त्याला महिने लागले असते, आणि तेवढे त्याच्याकडे नव्हते.

दाराबाहेर डावीकडे त्याची खोली होती. तिथे निबंध पाठवायला एक बटण दाबायचं बाकी होतं. उजवीकडे जिना होता, वर प्रयोगशाळेच्या साहेबांकडे जाऊन निबंध थांबवतो असं सांगायला.

"कुठे वळायचं ते तू ठरव," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

तो उठला. दारापाशी जाऊन उभा राहिला. खरोखरच त्याचं काही ठरलं नव्हतं. फार केविलवाणं वाटत होतं त्याला.

मागे कुणी हललं नाही...

कट्.

त्यानं वळून पाहिलं. उंदीर पिंजऱ्यात झोपला होता. बाईंचे हात मांडीवर होते. तार पाण्यात होती.

"बाई... मी अजून काहीच ठरवलेलं नाही."

बाई वाटीकडे पाहत राहिल्या.

"उंदीरही हेच म्हणत असेल."