ठकीचं पान

जपून या, पायरीला शेवाळ आहे. मी भिवा परब, सरदेसायांच्या या घराच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. पुढचा दरवाजा पाहिलात ना, हत्ती अडेल असा. आणि ही मागची चौकट. हिला दारच नाही, नुसता नारळाच्या झावळ्यांचा विणलेला झाप टेकवलेला. घर विकत घ्यायला येणारा प्रत्येक जण इथे थबकतो आणि विचारतो, चोरीला गेलं का? नाही हो. दिलं.

असं सांगतात, की विसाजी सरदेसायांनी भर रानात हे घर बांधलं ते पत्नीसाठी. सगुणाबाईंची मुलं जगत नव्हती. पुन्हा दिवस गेले, तेव्हा जागा बदलावी असं ठरलं. वास्तुशांतीच्या सकाळी हे मागचं दार तेवढं बसवायचं राहिलं होतं. फणसाची अखंड फळी, भिंतीला टेकवून ठेवलेली.

तेवढ्यात वरच्या धनगरवाड्यावरची माणसं धावत उतरली. घोंगडीच्या झोळीत ठकी नावाची बाई होती, अडलेली. सुईण नदीपलीकडच्या गावात, आणि झोळीत अंग दुमडून तिचा जीव जायची वेळ आलेली. सगुणाबाई म्हणाल्या, "हिला या दारावर निजवा आणि न्या."

भटजींनी हात जोडले. दाराविना प्रवेश केलात तर पोटातलं मूल टिकायचं नाही, म्हणाले. सगुणाबाईंनी एक हात पोटावर ठेवला म्हणे. आईच ती.

"दार दुसरं करता येईल," त्या म्हणाल्या. "बाई दुसरी कुठून आणायची?"

ठकी वाचली, तिला मुलगी झाली. पण बाळंतपणात विटाळलेलं दार वास्तूला कसं चालणार? आणि गरोदर बाईच्या घरात ठोकाठोक करत नाहीत, म्हणून नवंही अडलं. चौकटीला झाप लावून सगळे स्वस्थ बसले, म्हणजे वरवर स्वस्थ. भटजींचा शब्द घरात कुणी विसरलं नव्हतं.

पुढे सगुणाबाईंना मुलगा झाला आणि त्या तापाने फणफणल्या. अंगावर दूध येईना. गाईचं दूध पोराच्या पोटात ठरेना. त्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक होत गेला. भटजींचं खरं होणार, असं सगळ्यांना वाटू लागलं.

त्या दिवशी ठकी दही घालायला उतरली होती. पुढून आली असती तर ओटीखाली उभी राहिली असती. निरोप आत गेला असता, वडीलधाऱ्यांनी जातपात, सोवळंओवळं सगळं तोलून पाहिलं असतं, आणि तोवर पोर थंड झालं असतं. ती मागून आली. रडणं ऐकलं, झाप सारला आणि सरळ बाळंतिणीच्या खोलीत.

"पोर भुकेलंय," म्हणाली, "द्या इकडं." आपली लेक सगुणाबाईंच्या कुशीत ठेवली आणि त्याला पदराखाली घेतलं.

तो जगला. त्याला दूध तुटेपर्यंत ठकी रोज उतरायची. बऱ्या झाल्यावर सगुणाबाईंनी सुताराला परत पाठवलं. या चौकटीला दार नको, म्हणाल्या. तो मुलगा मोठा होऊन घराचा कर्ता झाला, आणि ठकी गेली तेव्हा त्याने आईसाठी करतात तसं तिच्यासाठी डोकं भादरलं. गावात कुजबूज झाली. होऊ दे की.

आजही भाद्रपदात या घरात पितरांची पानं वाढतात, तेव्हा सगुणाबाईंच्या पानाशेजारी एक पान ठकीचं असतं. त्यावर नाचणीची भाकरी आणि दही. धाकट्या सूनबाई यंदा वाढताना रडल्या, कारण सगळे शहरात चाललेत आणि पुढल्या वर्षी इथे वाढायला घरचं कुणी नसेल.

भाव काय तो मालकांशी बोला, त्यातलं मला कळत नाही. मला त्यांनी एकच विचारायला सांगितलंय. घर घेतलंत, तर ठकीचं पान तुमच्यात कोण वाढेल?