एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं

"मग त्यांची भांडणं नाही होत?" माईंनी विचारलं.

"कोणाची?"

"एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं ठेवलीस म्हणालास ना."

हेरंब हसला. मठीच्या पडवीत तो माईंच्या समोर बसला होता. माईंकडे जो कोणी अनुग्रह मागायला येतो, त्याला आधी मोड आलेले वाल सोलायला बसावं लागतं. तिथली रीतच आहे तशी. हेरंबच्या पुढ्यातही वाल होते, पण हात मात्र लॅपटॉपच्या बॅगेवर.

शेजारी त्याची बायको मयूरी सोलत होती. तिच्या मांडीवर वर्षाची गार्गी.

"भांडणं कसली, माई! एका सिस्टीमला दुसरीचा पत्ताच नसतो. एक ऑफिसच्या कामाची, दुसरी गेम खेळायची. कामात असलो की गेम दिसत नाही. गेममध्ये असलो की काम दिसत नाही. माझं मीच बसवलंय हे. आमच्याकडे भल्याभल्यांना जमलं नाही."

"हुशार आहेस."

"मी स्वतःही तसाच आहे. जिथे असतो, तिथे पुरता असतो."

मयूरीच्या बोटांतला वाल सटकला आणि लांब उडाला.

"काय गं?" माई म्हणाल्या.

"काही नाही..."

"बोल. वाल उगाच नाही उडत."

मयूरीने खाली बघत सांगितलं, "गार्गी पहिल्यांदा उभी राहिली ना माई, तेव्हा हे घरातच होते. मी हाका मारल्या. म्हणाले, एक मिनिट. यांचं एक मिनिट होईस्तोवर ती बसलीसुद्धा." तिने गार्गीला जवळ घेतलं. "आता तुमचं नाम घेतील. मग तिथूनही एक मिनिटच म्हणतील. आम्ही दोघी कुठे जायचं?"

हेरंब गोरामोरा झाला.

"अगं, म्हणून तर आलोय! मन थाऱ्यावर राहत नाही, माई. तुम्ही नाम द्या. त्याला मी तिसरी जागा करतो. पहाटेची. काम आणि गेम, दोन्हींचा वारासुद्धा लागू देणार नाही."

माई वालांकडे वळल्या. एक वाल सोलला... अजून एक सोलला...

"सुरू करून दाखव," त्या म्हणाल्या.

त्याने लॅपटॉप उघडून चालू केला. "आता बघा हं. काळी पाटी येईल. त्यावर दोन नावं. कोणाकडे जायचं, ते मला विचारतं. मी बटण दाबून सांगितलं, की..."

माईंनी गार्गीला मयूरीच्या मांडीवरून उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"अहो माई, आत्ता नको, बटण..."

"नीट धर. पडेल."

त्याने दोन्ही हातांनी धरलं. गार्गीने आधी त्याचं नाक पकडलं. मग चष्मा ओढला आणि काडी थेट तोंडात घातली.

"ए, घाण आहे ती! दे बघू... बाबाला दे..."

ती कुठली द्यायला! तो खाली वाकला, तर तिने त्याच्या कपाळावर आपलं कपाळ आपटलं आणि खदखदून हसली. तोही हसला. त्यानेही हळूच कपाळ आपटलं. पुन्हा तिने. पुन्हा त्याने.

एकदम लॅपटॉपातून नगारे वाजायला लागले. तलवारींचा खणखणाट सुरू झाला.

"हे काय रे?"

"गेम लागला."

"तू सांगितलंस त्याला?"

"नाही. ते थोडा वेळ वाट बघतं. कोणी काहीच सांगितलं नाही, तर आपोआप तिकडे जातं. आणि तिकडे गेलं की गेम लागतो."

"आपोआप?"

"म्हणजे... मीच तसं ठरवून ठेवलंय."

 पडवीत तलवारी वाजतच होत्या. मयूरी वाल सोलत राहिली. तिने मान वर केली नाही.

"बदलतो मी," हेरंब हळू आवाजात म्हणाला. "नाहीतर तो गेमच काढून टाकतो. मग तरी अनुग्रह द्याल ना, माई?"

"त्या गेमने तुझं काय वाकडं केलंय? खेळ की."

"मग मी काय करू?"

 गार्गीने आता त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. चष्मा अजून तिच्या मुठीत होता. त्याचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता. फिरतोय हे त्याचं त्यालाही कळलेलं दिसत नव्हतं.

"मघाशी हे नगारे वाजायच्या आधी," माई म्हणाल्या, "तू कुठे होतास?"

"इथेच... हिच्यापाशी."

"कामात होतास?"

"नाही."

"खेळात?"

"नाही..."

माईंनी त्याच्या पुढ्यातले वाल स्वतःकडे ओढून घेतले.

"मग कोणतं बटण दाबून आलास, बाळा?"