घावांचा चिरा

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं आणि वारा अगदी पडला होता, असं सांगतात. फणस पिकायला लागलेले, पण त्यांचा वास झाडाखालून हलत नव्हता. हा जो बागेभोवती दगडांचा गडगा दिसतो ना, त्यातला एकच चिरा नीट बघा, सगळा घावांनी भरलेला. तो त्याच दिवशीचा.

बाग भागोजी मांडवकराची. घरात अक्षरओळख कुणालाच नाही, पण बागेची नोंद पिढ्यान् पिढ्या चोख. जांभा दगड खाणीतून काढला की ओला, मऊ असतो. वारं लागलं की लोखंड होतो. म्हणून घरातला कर्ता दर अक्षय्यतृतीयेला ताजा चिरा आणी आणि मऊ आहे तोवर त्यावर सरलेलं वर्ष कोरी. फळलेल्या झाडाला खळी, मेलेल्याला रेघ. मग तो चिरा गडग्यात बसवायचा.

गावच्या खोताचा डोळा त्या बागेवर. रीत अशी, की आज्यापासून ज्यानं राखली त्याची झाडं. आणि आज्याचे चिरे तर गडग्यातच होते. तेव्हा खोतानं वेठीला माणसं धरली, गडगा पाडला, चिऱ्यांचा चुरा करवला. वेठीला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी, त्या मळभात, देवळापुढं गाव बसवून तो म्हणाला, की इथं गडगा कधी नव्हताच. भागोजीनं आपण खोताचं कूळ असल्याचं कबूल करावं आणि खुशाल फणस खावेत.

भागोजीनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग उठला, खाणीवर गेला आणि खांद्यावर ओला चिरा घेऊन परत आला. गावासमोर मांडी घालून त्यानं त्या सालाची नोंद कोरायला घेतली. आधी खळ्या, मग रेघा. सावकाश. शेवटी छिन्नी आडवी धरून एक खोल घाव घातला.

"हा रे कसला?" खोतानं विचारलं.

"ह्या साली खोतानं गडगा फोडला, त्याचा," भागोजी म्हणाला. "आमच्यात झालं ते कोरतात. खोडत नाय."

"आणि बघितलं कुणी?"

पहारी कुणी मारल्या ते भागोजीला ठाऊक होतं, पण त्यानं एकाचंही नाव घेतलं नाही. पोटासाठी वाकलेल्या माणसाला आणखी काय वाकवायचं?

तेवढ्यात शेजारचा सोनू उठला. एवढंसंच बोलला. पण त्याच्या मागनं एकेक वेठकरी उठत गेला, आपापला घाव मागत गेला, आणि चिऱ्यावर जागा उरेना. खोत घरी निघून गेला. बागेकडं पुन्हा फिरकला नाही, म्हणे.

आजही अक्षय्यतृतीयेला नवा चिरा बसवण्याआधी घरातला कर्ता ह्या चिऱ्यावर हात ठेवतो आणि सोनूचेच शब्द बोलतो: "भागोजीदादा, पहार मी पन मारलीय. माजा घाव कोरायचा ऱ्हायला."