बंगल्याची दिशा

अभयारण्याच्या कडेला रघुवीरशेठना कारखाना काढायचा होता. जनसुनावणीचा मांडव उभा राहिला आणि शेठ काही माईक सोडीनात. "चिमणी उंच आहे. धूर वर जातो नि विरतो. तो कुठल्या दिशेला जाईल, हे ब्रह्मदेव आला तरी सांगू शकणार नाही. मग जंगलाला त्रास होईल, हे ठरवणार कोण?"

जिल्हाधिकारी मान डोलावू लागले. वनक्षेत्रपाल सुलभा कोवे यांनी ते पाहिलं. आज शिफारस झाली, तर उद्या मोहाच्या फुलांवर काजळी बसणार. शेठशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ते ऐकून घेणाऱ्यांतले नव्हतेच. पण बोलायला लावलं, तर थांबणाऱ्यांतलेही नव्हते.

त्या म्हणाल्या, "शेठजी, कारखान्याजवळच बंगलाही बांधताय म्हणे. वहिनींना दमा आहे ना? धुराची काळजी वाटते हो."

शेठ फुशारले. "छे छे! तज्ज्ञ बोलावून जागा निवडलीय. इथे वारा बारा महिने मावळतीकडून वाहतो, म्हणून बंगला मावळतीला घेतला. धुराचा कण तिकडे फिरकायचा नाही. सगळा सरळ उगवतीला जाणार!"

मांडवातल्या माना उगवतीकडे वळल्या. तिकडे अभयारण्य हिरवंगार उभं होतं.

सुलभाताई हळूच म्हणाल्या, "वहिनींचा जीव जपलात, बरं केलंत. आता जंगलालाही तेवढं सांगा, उठून तुमच्या बंगल्याशेजारी राहायला ये म्हणून."

जिल्हाधिकाऱ्यांनी सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं.